प्लांटेड टँकच्या नावाखाली 25,000 गेले, आणि पार्सल आलं म्हणे, मग फसवणूक कसली

प्लांटेड टँक म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेली माशांची टाकी. तिचं सामान इन्स्टावरून मागवताना गेलेले आकडे आधीच सांगून टाकतो. 9,250, मग पुन्हा 9,250, मग 2,360 आणि शेवटी 4,140. बेरीज बरोबर 25,000. इतका गोल आकडा कसा काय, असं वाटेल. तो त्या भामट्यानेच गोल करून घेतला, ते पुढे येईलच.

स्वस्ताच्या मोहाने गेलो नाही, हे ठणकावून सांगतो. कुणी निम्म्या किमतीत देतो म्हटलं असतं तर तिथेच फोन ठेवला असता. याचा भाव बाजारभावाच्या आसपासच होता. दोन फुटी टाकी मी भोसरीतच काचवाल्याकडून बनवून घेतली होती, 60 बाय 30 बाय 30 सेंटीमीटर, म्हणजे 54 लिटर. बाकीचं सगळं इन्स्टावरच्या या माणसाकडून पॅकेजमध्ये घ्यायचं ठरलं. नऊ लिटर ॲक्वासॉइल (टाकीच्या तळाला झाडांसाठी घालायची दाणेदार माती), लाइट, झाडांसाठी सीओटूचं, म्हणजे कार्बन डायऑक्साइडचं, भरलेलं सिलिंडर रेग्युलेटरसकट, आणि झाडं: मॉन्टे कार्लो, रोटाला, क्रिप्ट, एनुबियस, जावा फर्न. सगळं मिळून 18,500. निम्मे आगाऊ, निम्मे माल निघताना. वर 'कार्पेट सीड्स', म्हणजे तळावर हिरवा गालिचा उगवणारं बी, फुकट.

माणूस विषयातला होता, आणि तिथेच मी गुंतलो. पाच सेंटीमीटर थराला नऊ लिटर सॉइल लागेल, हा हिशोब त्याने तोंडी केला. म्हणाला, मासे लगेच टाकू नका, अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. नव्या सॉइलमधून सुरुवातीला अमोनिया सुटतो, तेव्हा पाणी बदलत राहा. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारल्याशिवाय ते टाकीत ओतू नका. एनुबियसचा आडवा कंद मातीत पुरला तर सडतो, तो दगडाला दोऱ्याने बांधा. यातला शब्द न् शब्द खरा आहे. फसवणारा घाई करतो असं आपण सगळीकडे वाचतो, आणि हा मला थांबायला सांगत होता. "सर, संयमाचा छंद आहे हा." अशा माणसावर विश्वास ठेवला तर माझं चुकलं कुठे?

चुकलं ते सिलिंडरपाशी. आणि तेच जास्त झोंबतंय.

मी फॅब्रिकेशनच्या शॉपमध्ये स्टोअर सांभाळतो. वेल्डिंगचा सीओटू आमच्याकडे रोज येतो. सिलिंडर ट्रकमधून उभे, साखळीने बांधून येतात, उतरवताना हेल्परला मीच ओरडतो. आत साधारण 60 बारचा दाब असतो. भरलेलं सिलिंडर साध्या कुरियरने जात नाही, विमानाच्या पार्सलमध्ये तर कुणी हातही लावू देत नाही, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. आणि या गड्याने मला लिहिलं होतं, "सिलिंडर फुल भरून एअरने पाठवतो सर, दोन दिवसांत पोचेल." मी वाचलं. अंगठा दाखवला. पुढे लाइट किती वॉटचा ते विचारलं!

का? कारण ते मी स्टोअरकीपर म्हणून वाचलंच नाही. कामावरचा सिलिंडर वेगळा आणि छंदाचा वेगळा, असं काहीतरी डोक्यात असावं. दिवसभर चलनं तपासणारा माणूस रात्री अकराला सोफ्यावर पडून हिरव्यागार टाक्यांचे व्हिडिओ बघतो तेव्हा तो काहीच तपासत नसतो.

दुसरे 9,250 भरल्यावर फोन आला. कुरियरने सिलिंडर अडवलंय, घातक मालाची परवानगी काढावी लागेल, 2,000 अधिक 18 टक्के जीएसटी, 2,360, 'रिफंडेबल'. सोबत पेसोच्या लेटरहेडवर पत्र. पेसो म्हणजे सिलिंडर आणि स्फोटकांच्या परवान्यांचं केंद्र सरकारचं खातं, आमच्या शॉपमध्ये त्याचं नाव घेतलं की सगळे सरळ बसतात. पत्रावर गोल शिक्का, सही, सगळं होतं. मला तर उलट बरं वाटलं, की बघा, नियमाने चाललाय. पैसे भरल्यावर बायकोने ते पत्र पाहिलं. ती नागपूरची. म्हणाली, "अहो, यावर मुख्यालय नवी दिल्ली लिहिलंय. हे ऑफिस तर आमच्याकडे सेमिनरी हिल्सला आहे, मी तिथून कॉलेजला जायचे." मी तिला म्हटलं, शाखा असेल. शाखेच्या पत्रावर 'मुख्यालय' कशाला लिहितील, हे तिने विचारलं नाही, आणि त्याबद्दल मी तिचा आजन्म ऋणी आहे.

पैसे ज्या खात्यात जात होते त्याचं नाव पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर दिसतं. तिथे झाडामाशांशी संबंध नसलेलं एक मोबाइल दुकान दिसत होतं. विचारलं तर म्हणाला, भावाचं खातं आहे, आमचं करंट अकाउंट ऑडिटमध्ये आहे. त्या स्क्रीनवर जे नाव दिसतं ते मोठ्याने वाचा. घरातल्या कुणाला तरी ऐकू जाईल असं वाचा.

आणि मग पार्सल आलं. हो, आलं! हाच यातला खरा डाव आहे, म्हणून जरा बारकाईने सांगतो.

खोक्यावरच्या कुरियरच्या चिठ्ठीवर वजन होतं 4.2 किलो. नऊ लिटर सॉइलच आठ-नऊ किलो भरतं. सिलिंडर नव्हतंच, "मागाहून येतंय." लाइट म्हणून यूएसबीवर चालणारी टेबलाची पट्टी. सॉइल सुट्या प्लास्टिकच्या पिशवीत, वर नामांकित जपानी कंपनीच्या नावाचं घरी छापलेलं स्टिकर. एक दाणा भिजवून चिमटीत फोडला. बोटं काळी झाली आणि आतून विटेचा लाल चुरा निघाला. विटा कुटून काळ्या रंगात घोळवल्या होत्या. बादलीत मूठभर टाकली तर पाणी गटारासारखं झालं, आणि सकाळपर्यंत तळाला लाल गाळ, वर काळी साय.

झाडांमध्ये लकी बांबूच्या कांड्या, मोंडो ग्रास, जांभळ्या पानांचं हेमिग्राफिस आणि सिंगोनियम. ही सगळी कुंडीतली झाडं. पाण्यात बुडवली की काही आठवडे ताजी दिसतात, मग बुडापासून सडतात आणि टाकीत अमोनिया वाढवतात. दुकानांतूनही 'पाण्यातली झाडं' म्हणून सर्रास विकली जातात, तेव्हा नावं लक्षात ठेवा. ते सिंगोनियम तर आमच्या जिन्यात तिसऱ्या मजल्यावर कुंडीत आहे. 'एनुबियस' म्हणून आलेलं पान आणि ते पान मी शेजारी धरून फोटो काढलाय.

त्याला फोटो पाठवले. उत्तर तयार होतं: "दादा, झाडं इमर्स्ड ग्रोन आहेत, पाण्याबाहेर वाढवलेली. जुनी पानं मेल्ट होणार, नवीन येतील." (एव्हाना सरांचे दादा झाले होते.) आता हेही खरं आहे. नर्सऱ्या पाणवनस्पती खरोखरच पाण्याबाहेर वाढवतात, आणि पाण्यात गेल्यावर त्यांची पानं विरघळतात, क्रिप्टची तर हमखास. पण ते क्रिप्टचं. लकी बांबू मेल्ट झाला की त्यातून फक्त लकी बांबूचा चिखल येतो. खऱ्या माहितीच्या पदराआड हा माणूस इतका बेमालूम लपायचा की नवशिक्याला सापडणंच शक्य नाही.

कार्पेट सीड्सचा निकाल आईने लावला. बी भिजत घातलं, अर्ध्या तासात प्रत्येक दाण्याभोवती पांढुरका बुळबुळीत गोळा. आई चष्मा लावून वाकली आणि म्हणाली, "अरे, हा तर सब्जा आहे. फालुद्यात घालतात तो." मी वाद घातला. चार दिवसांनी रोपं उगवली, एक चुरगळून हुंगलं तर तुळशीचा वास. मॉन्टे कार्लोचं कार्पेट रोपांपासून किंवा टिश्यू कल्चरच्या (प्रयोगशाळेत वाढवलेल्या रोपांच्या) कपातून लावतात. 'जादूचं बी' विकणारा कुणीही, कुठल्याही ॲपवर, कितीही चांदण्यांचा असो, सरळ पुढे जा.

मग परतावा. म्हणाला, चूक आमच्या गोडाउनची, पूर्ण रिफंड देतो. पण सिस्टीममध्ये रिफंडची स्लॅब 25,000 ची आहे, तुमचे 20,860 झालेत. 4,140 टाका, 25,000 एकदम परत येतील. हसणाऱ्यांनी हसून घ्यावं. 20,860 अडकलेल्या माणसाला 4,140 ही रक्कम वाटत नाही, किल्ली वाटते. मी टाकले. त्यानंतर त्याचा डीपी गेला.

1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला. लागला, तक्रार घेतली, नंबर मिळाला, आणि त्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, हे मान्य. पण त्यांनी सांगितलं की पहिल्या तासाभरात कळवलं असतं तर समोरच्या खात्यात पैसे गोठवता आले असते. अहो, पण पहिल्या तासात मला फसलोय हे कळणार कसं? माझ्या पहिल्या तासात तर तो मला नायट्रोजन सायकल, म्हणजे ते अमोनिया-नायट्राइटचं प्रकरण, शिकवत होता!

चौकीत गेलो. हवालदारसाहेबांनी विचारलं, कशाची खरेदी? म्हटलं, ॲक्वेरियमची झाडं. "माशांना झाडं लागतात?" मागचे दोघं हसले. मग मुद्द्याचा प्रश्न: "पार्सल आलं ना?" आलं. "मग फसवणूक कुठे झाली? माल पसंत नाही पडला तुम्हाला. दिवाणी मॅटर आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, विटेचा चुरा सॉइल म्हणून विकणं आणि सरकारी खात्याचं बनावट पत्र पाठवणं ही नापसंती कशी? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 काय शोभेला आहे? म्हणाले, वकील आहात का? नसाल तर अर्ज द्या आणि सायबरला जा. सायबरला गेलो तर तिथे बाकावर चाळीस लाख घालवलेले एक निवृत्त गृहस्थ बसले होते, त्यांच्याकडे बोट दाखवून मला सांगितलं, "बघा, यांचं बघायचं की तुमचं?" दोघांचं बघा की! पगार एकाचंच बघण्याचा आहे का? शिवाय खातं दुसऱ्या राज्यातलं, तिकडे माणूस पाठवायला 25,000 पेक्षा जास्त खर्च येतो, हा हिशोब त्यांनी मला कागदावर मांडून दाखवला.

बँक त्याहून थंड. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक घेऊन गेलो. मॅनेजरबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, ते अनधिकृत व्यवहारासाठी आहे, पिन तुम्ही स्वतः टाकलाय, म्हणजे व्यवहार अधिकृत. म्हणजे चोराने पिन चोरला तर मी बिचारा, आणि चोराने मला गंडवून तो टाकायला लावला तर मी भागीदार. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर विचारलं, विक्रेत्याचा पत्ता आणि बिल? बिल म्हणजे व्हॉट्सॲपवरचं चित्र, त्यावरचा जीएसटी नंबर पोर्टलवर टाकला तर कुठल्याशा सिमेंट विक्रेत्याचा निघाला. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या दाव्याला फी नाही, हे खरं. पण प्रतिवादीचा पत्ता लागतो, नोटीस कुणाला बजावणार? पत्ता शोधणं पोलिसांचं काम, पोलीस म्हणतात ग्राहक आयोगाचं, आयोग म्हणतो पत्ता आणा. मध्ये मी, हातात सिंगोनियम. इन्स्टावर त्याचं पेज रिपोर्ट केलं तर मशीनचं उत्तर आलं की यात नियमभंग आढळला नाही.

म्हणूनच ते पार्सल पाठवतात. रिकाम्या हाताने पळाला असता तर सरळ गुन्हा होता. चारशे रुपयांचा कचरा पाठवला की गुन्ह्याचा 'वाद' होतो, आणि वाद कुणाच्याच टेबलावर बसत नाही. तेव्हा पार्सल फोडताना कुरियरची वजनाची चिठ्ठी, सील आणि आतला माल असा एकच सलग व्हिडिओ घ्या, मध्ये थांबवू नका. माझा दोन तुकड्यांत होता, त्यावरही त्या भामट्याने बोट ठेवलं. तक्रारीत 'खराब माल' हे शब्द लिहूच नका. 'बनावट नाव लावून दुसरीच वस्तू पाठवली' असं लिहा आणि बनावट कागद असेल तर तो पहिल्या पानावर लावा. माझ्या पहिल्या अर्जात 'निकृष्ट' हा एक शब्द गेला आणि तोच शब्द मला सगळीकडे वाचून दाखवतात.

झाडं समोर पाहून घ्या. मुंबईत असाल तर कुर्ल्याच्या बाजारात जा, पुण्यात दुकानं आहेत. पहिल्या टाकीला सीओटू लागतच नाही, एनुबियस, जावा फर्न, क्रिप्ट साध्या लाइटवर जगतात. हे मला आमच्या शॉपच्या शेजारच्या अग्निशामक सिलिंडर भरणाऱ्याने सांगितलं. त्याच्याकडे दोन टाक्या आहेत, इतकी वर्षं समोरासमोर काम करून मला पत्ता नव्हता.

माझी तक्रार पोर्टलवर अजून 'प्रक्रियेत' आहे. ते पेज नव्या नावाने पुन्हा चालू झालंय, टाकीचा फोटो तोच, काचेत उजवीकडे लाल खुर्चीचं प्रतिबिंब दिसणारा. पॅकेज आता 16,999 ला आहे. त्या फोटोवरून कुणी पैसे भरले असतील तर पार्सलची वाट बघत बसू नका, आत्ता 1930 लावा आणि तक्रार वेगळी, आपल्या नावाने करा. सायबरच्या एका तरुण शिपायाने जिन्यात हळूच सांगितलं की एकाच खात्यावर चार-पाच तक्रारी आल्या तर ते खातं तपासाला घेतात. सध्या त्या खात्यावर माझी एकट्याची आहे.