भर उन्हाळ्यात रेनकोटमधले फोटो, तरी मी पैसे भरले

लोकल ट्रेकिंग क्लब, वीस जणांचीच बॅच, ट्रेन्ड लीडर, विमा, फर्स्ट एड सगळं इन्क्लुडेड असं वाचून मी आणि मैत्रिणीने उन्हाळी हाईकचे पूर्ण पैसे आधीच भरून टाकले. खातं क्लबच्या नावाचं नव्हतं, कोणाचं तरी पर्सनल होतं. विचारलं तर म्हणे आमचे खजिनदार आहेत. बरं म्हटलं.

आता आठवलं की स्वतःचाच राग येतो. "मागच्या रविवारचा ट्रेक" म्हणून टाकलेल्या फोटोत सगळे रेनकोट घालून! विमा म्हणे, पण फॉर्ममध्ये जन्मतारीख नाही, वारसदार नाही, फक्त नाव नि नंबर, मग विमा काढला कोणाचा? आणि १२ किलोमीटर, ६०० मीटर चढ "अडीच तासात आरामात". नाइस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ चा जुना हिशोब आहे, ताशी ५ किलोमीटर धरायचे आणि ६०० मीटर चढाला एक तास जास्तीचा. म्हणजे कुठे न बसता जवळपास साडेतीन तास, उन्हात अजून जास्त. ती वाट चाललेला माणूस अडीच तास लिहिणारच नाही.

पहाटे पाचला निघायचं होतं, निघालो साडेआठला, कारण तीन वेगवेगळ्या ग्रुपमध्ये बुकिंग केलेले लोक एकत्र कोंबलेले, मोजले तर सत्तेचाळीस. लीडर एकच पोरगा, तोही मोबाईलवर मॅप बघत चाललेला. हळूच विचारलं तर म्हणाला, मला काल रात्री फोन आला, मी पण पहिल्यांदाच येतोय. (त्याला तरी पैसे मिळाले की नाही देव जाणे.) सगळ्यात मागे चालायला कोणीच नाही. उन्हात तासाला अर्धा लिटर तरी पाणी लागतं, पण "वाटेत झरा आहे" सांगितल्यामुळे लोकांनी एकेकच बाटली आणलेली आणि झरा कोरडा ठणठणीत.

अकराच्या सुमारास मैत्रिणीचं डोकं ठणकायला लागलं, मळमळ, पाय लटपटायला लागले. सावलीत आडवं केलं, पाय उंचावर ठेवले, ओला रुमाल मानेवर, घोट घोट पाणी. ती नीट बोलत होती हे नशीब, कारण माणूस असंबद्ध बरळायला लागला, अंग ४० अंशांच्या वर तापलं की तो उष्माघात, मग घोटभर पाण्याने काही होत नाही, हॉस्पिटलच गाठावं लागतं. फर्स्ट एडची पेटी मागितली तर आत चार चिकटपट्ट्या आणि कात्री. आम्ही दोघी तिथूनच परत फिरलो.

रिफंड मागितला तर उत्तर काय, "तुम्ही स्वतःहून परत फिरलात." दोन दिवसात ग्रुपमधून काढलं, मेसेज पण डिलीट. स्क्रीनशॉट आधीच काढले होते म्हणून निदान बँकेत आणि पोलिसात तक्रार देता आली, पैसे अजून आले नाहीत.

कुठेही भरायच्या आधी लीडरशी स्वतः फोनवर बोला, ही वाट शेवटची कधी केलीस आणि सगळ्यात मागे कोण चालणार, एवढं विचारा. मी विचारलं असतं तर तिथेच कळलं असतं.

काल तेच लोक नव्या नावाने दिसले. वर आमचाच निघतानाचा फोटो, मैत्रीण पुढे हसत उभी, खाली लिहिलंय "मागच्या रविवारची धमाल बॅच, थोड्याच सीट बाकी".