डिस्क जुनी, मदरबोर्ड नवा: नेटवर्क परत आणायचं कसं?

डेबियन लिनक्सवर चालणाऱ्या सर्व्हरची एसएसडी काढून नव्या मदरबोर्डवर लावली. बूट झालं, लॉगिन आलं, पण पिंग काही जाईना. केबली बदलण्यात माझा अर्धा तास गेला. बदललं होतं ते लिनक्सने नेटवर्क कार्डाला दिलेलं नाव: ईएनपी३एस० चं ईएनपी५एस०. त्यातला ३ किंवा ५ म्हणजे पीसीआय बसचा (कार्ड बोर्डाला जोडलेलं असतं त्या मार्गाचा) क्रमांक. त्यामुळे त्याच बोर्डावर नुसती नवी एनव्हीएमई डिस्क खोचली तरी कधीकधी नाव सरकतं. नेटवर्कच्या सेटिंगची फाइल मात्र जुनंच नाव धरून बसते.

आधी 'आयपी लिंक' ही कमांड चालवून बघा. यादीत फक्त 'एलओ' (मशीनचं स्वतःशीच बोलायचं आभासी कार्ड) दिसलं तर दुखणं बहुधा ड्रायव्हरचं. डेबियन १० च्या ४.१९ कर्नलला रिअलटेकची २.५ गिगाबिटवाली आरटीएल८१२५ चिप ओळखताच येत नाही. तिथे खालचे उपाय फुकट.

सगळ्यात सरळ म्हणजे फाइलीत नवं नाव लिहिणं. दोन मिनिटांचं काम. प्रॉक्समॉक्स (व्हर्च्युअल मशीन चालवणारी सिस्टिम) असेल तर व्हीएमबीआर० या ब्रिजच्या ब्रिज-पोर्ट्स ओळीतही बदला, तीच हमखास राहून जाते. मशीन एकदाच बदलायचं असेल तर यापुढे जाऊ नका.

ग्रब या बूट लोडरमध्ये 'नेट डॉट इफनेम्स' शून्य केलं की जुन्या पद्धतीचं एथ० हे नाव परत येतं. एकच कार्ड असेल तर चालून जातं. दोन असतील तर मी याच्या वाटेला जाणार नाही: बूट होताना जे आधी सापडेल ते एथ०, आणि फायरवॉलवर आतबाहेरची अदलाबदल झालेली कुणाला हवीये?

दोन कार्डांसाठी सिस्टिमडीची (लिनक्समधल्या सेवा सांभाळणाऱ्या प्रोग्रामची) लिंक फाइल बरी. मॅक ॲड्रेस (कार्डाचा स्वतःचा हार्डवेअर पत्ता) द्यायचा आणि 'लॅन०' असं आपलं नाव ठेवायचं. पुढच्या वेळी मॅकची ओळ बदलली की फायरवॉल, ब्रिज सगळं जसंच्या तसं. कार्ड बोर्डावरचं नसून वेगळं खोचलेलं असेल तर तेच नव्या मशीनमध्ये लावा, मॅकही सोबत येतो.

डिस्क सतत इकडून तिकडे फिरत असेल तर सिस्टिमडी-नेटवर्कडीच्या (सिस्टिमडीचा नेटवर्क सांभाळणारा भाग) फाइलीत नावाच्या जागी 'ईएन' आणि पुढे तारा (*). कुठलंही वायरचं कार्ड चालतं.

एवढं करूनही एसएसएच (दुरून लॉगिन) लागेना तर राउटर उघडा. आयपी जुन्या मॅकसाठी राखून ठेवलेला असेल, तर सर्व्हर दुसऱ्याच पत्त्यावर बसलेला सापडेल.