मँगनीज की लोह: इलेक्ट्रॉन मांडणी कुणावर शिकावी?

गोव्यात दोन्हींची खनिजं सापडतात, आणि आवर्तसारणीतही ही दोघं शेजारी: अणुअंक 25 आणि 26.

दोन्हींचे पहिले 18 इलेक्ट्रॉन आर्गॉनसारखेच; त्यापुढे मँगनीज 3डी⁵ 4एस², लोह 3डी⁶ 4एस² (3डी, 4एस या इलेक्ट्रॉनच्या उपकक्षा, वरचा आकडा त्यातल्या इलेक्ट्रॉनची संख्या). आयन, म्हणजे इथे इलेक्ट्रॉन गमावलेला अणू, लिहिताना मुलं हमखास 3डीतून इलेक्ट्रॉन काढतात, कारण तो शेवटी भरलेला असतो. आधी 4एस रिकामं करायचं! मँगनीजनं दोन इलेक्ट्रॉन गमावताच अर्धं भरलेलं, स्थिर 3डी⁵ मिळतं. लोहाला त्यासाठी तिसराही गमवावा लागतो. डिचोलीच्या मातीचा तांबडा रंग याच तीन धनप्रभारांच्या लोहाचा.

सरावाला लोहच घ्या. दोन आणि तीन धनप्रभारांचे दोन्ही आयन लिहून पाहता येतात. तिसऱ्या इलेक्ट्रॉननंतर 3डी³ 4एस² उरलं, तर चूक तिथंच सापडते.