जुनी फॅमिली बोट: स्टर्नड्राइव्ह की आउटबोर्ड? हंगामभर वापरल्यानंतर

घेण्यासाठी दोन जुन्या बोटी बघितल्या. दोन्ही १९ फुटी बोरायडर (पुढच्या टोकालाही बसायला जागा असलेल्या), दोन्ही पेट्रोलवर. एकीला स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीच्या आत, प्रोपेलर फिरवणारा ड्राइव्ह मागे बाहेर), दुसरीला फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (अख्खं इंजिन मागे बाहेर टांगलेलं). स्टर्नड्राइव्हवाली दिसायला उजवी होती: गाद्या नव्या, मागे पोहायला ऐसपैस प्लॅटफॉर्म. घेतली मात्र आउटबोर्डवाली, आणि आजही तोच निर्णय बरोबर वाटतो.

पहिली नाकारली ती रबरी बेलोजमुळे, म्हणजे इंजिन आणि ड्राइव्हमधल्या सांध्यावरच्या घड्यांच्या आवरणामुळे. ड्राइव्ह पूर्ण वर उचलून टॉर्च मारली की घड्यांमधल्या भेगा दिसतात. तिथून पाणी शिरलं की आधी आतले गिम्बल बेअरिंग आणि यू-जॉइंट (ड्राइव्हच्या दांड्याचे बेअरिंग आणि सांधे) गंजतात. भेग मोठी असेल तर धक्क्याला बांधलेली बोटसुद्धा बुडू शकते. त्यात गिअर ऑइल दुधाळ निघालं, म्हणजे सीलमधूनही पाणी जात होतं. नव्या गाद्यांच्या आनंदात हे कोणी बघत नाही, आणि विकणाऱ्याला ते पक्कं ठाऊक असतं.

आउटबोर्डच्या प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजलं. फरक १० टक्क्यांच्या आत होता, म्हणजे ठीक. मग इंजिनचा खालचा भाग धरून वर-खाली जोर दिला. ट्रान्सम (इंजिन जिच्यावर बसतं ती बोटीची मागची भिंत) हलला किंवा बोल्टांभोवती केसासारख्या चिरा दिसल्या, तर आतलं लाकूड कुजलंय असंच समजायचं. प्लास्टिकच्या हातोडीने ठोकल्यावर टणक आवाज यायला हवा, बद्द नाही.

वापरात सगळ्यात मोठं सुख म्हणजे देखभाल. खाऱ्या पाण्यातून आल्यावर नळी लावून दहा मिनिटं गोडं पाणी फिरवायचं, इंजिन वर उचलून ठेवायचं, झालं. स्टर्नड्राइव्ह पाण्यातून पूर्ण बाहेर येत नाही. शिवाय इंजिन आत असल्याने पेट्रोलची वाफ काढायला सुरू करण्याआधी चार मिनिटं ब्लोअर चालवावाच लागतो. आउटबोर्डच्या मागून येणारी, इंजिन थंड करणाऱ्या पाण्याची धार बारीक झाली, तर आधी इंजिन बंद करून भोकात तार घालून बघा. कचरा नसेल तर बहुधा इम्पेलर (पाण्याच्या पंपाचं रबरी चाक) गेलाय.

तोटे आहेतच. मागची जागा इंजिनने दुभागली आहे, त्यामुळे मुलांना शिडीवरून एकेकटंच वर यावं लागतं. कोणी पाण्यात असेल तर इंजिन बंदच, नुसतं न्यूट्रल चालत नाही. स्टर्नड्राइव्हचा प्लॅटफॉर्म इथे खरंच सोयीचा, पण एक्झॉस्ट बहुधा तिथेच खाली सुटतो. इंजिन चालू असताना तिथे बसलं तर कार्बन मोनॉक्साइड नाकात जातो, आणि त्याला वास नसतो.

आणखी एक. ट्रायल दोघांनी घेतली तर सगळं छानच वाटतं. पूर्ण कुटुंब आणि भरलेली टाकी घेऊन थ्रॉटल पूर्ण उघडा. आरपीएम (इंजिनचे मिनिटाला फेरे) कंपनीने दिलेल्या मर्यादेपर्यंत पोचत नसेल तर कमी पिचचा प्रोपेलर बसवा. पिच म्हणजे प्रोपेलर एका फेऱ्यात हिशेबाने जेवढा पुढे सरकतो ते अंतर. एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. या बोटीला १९ काढून १७ चा लावला. टॉप स्पीड जरा घटला, पण माणसं भरलेली असतानाही बोट आता पटकन प्लेनिंगवर येते, म्हणजे वर उचलून पाण्यावरून घसरत जाते.