दोन दिवसांत शांतता करार: वाशीतल्या वाटाघाटी कार्यशाळेचं परीक्षण

वाशीत सेक्टर १७ मधल्या एका हॉलमध्ये शनिवार-रविवार धरून ही कार्यशाळा भरते. ठाणे-नवी मुंबईतली राज्यशास्त्राची मुलं आणि स्पर्धा परीक्षावाले तिथे बऱ्यापैकी जातात. विषय एकच: एका देशातलं सरकार आणि तिथले बंडखोर यांच्यात शेजारी देशांनी मध्यस्थी करून समझोता घडवायचा. देश काल्पनिक, माणसं २४, आणि रविवारी संध्याकाळी कागदावर सह्या. फी २,८०० रुपये, त्यात दोन्ही दिवसांचं जेवण आणि साहित्याचा संच. संच नुसताही मिळतो.

थोडक्यात सांगायचं तर पहिला दिवस झकास, दुसरा अर्धामुर्धा, आणि शेजारी देशांची मांडणी साफ गंडलेली. तिसरी गोष्ट किरकोळ नाही, कारण कार्यशाळेच्या नावातच प्रादेशिक मध्यस्थी आहे.

आधी चांगलं. प्रत्येकाला एक फाइल मिळते: नकाशा, गोपनीय सूचनापत्र आणि कराराचा कोरा मसुदा. वाटणी अशी: सरकार ६, बंडखोर ७, तीन शेजारी देशांचे मिळून ६, प्रादेशिक संघटनेचं सचिवालय ३, निरीक्षक २. बंडखोरांच्या सातांत चार राजकीय नेते आणि तीन कमांडर, आणि दोघांची सूचनापत्रं वेगळी. नेत्यांना मंत्रिपदं आणि निवडणुकीचं वेळापत्रक हवंय. कमांडरना हवंय ते भलतंच: पोरांचा पगार, माफी कोणत्या तारखेपर्यंतच्या गुन्ह्यांना लागू, हत्यार खाली ठेवल्यावर जीव कोण सांभाळणार. शनिवारी दुपारपर्यंत बंडखोरांच्या खोलीतच आवाज चढतो. बंडखोर म्हणजे एकजिनसी गट हा समज तिथेच निकालात निघतो. हे ज्याने लिहिलंय त्याला विषय कळतो.

वाटाघाटी कशा करायच्या याच्या वाटाघाटींना पहिल्या दिवशी तब्बल तीन तास दिलेत. काहींना हा वेळकाढूपणा वाटतो, तसा तो नाही. बसायचं कुठे, कोणत्या नावाने, कोणता विषय आधी, यावरच कित्येक प्रक्रिया मोडतात. सरकार म्हणतं आधी शस्त्रं, बंडखोर म्हणतात आधी सत्तेची हमी. कोंडी फुटली नाही तर संयोजक मधे पडत नाहीत, हे बरोबर.

युद्धबंदीचा नमुनाही नेटका आहे. उल्लंघन म्हणजे काय याची यादी त्यात आहे: गोळीबार, नवी भरती, तुकड्यांची हालचाल, लोकांकडून वसुली. तक्रार किती तासांत आणि कुणाकडे, तपासणी पथकाला वाटेत अडवता येईल का, याचे रकाने आहेत. मंडळी हमखास विसरतात तो नकाशा. सहीच्या दिवशी कोणाची तुकडी कुठे होती हे कागदावर नसेल तर पुढे सरकली कोण, हे ठरवणार कसं? संयोजक इथे बरोबर कान पकडतात. पण एक रकाना नमुन्यातच नाही: उल्लंघन सिद्ध झालं, पुढे काय? दक्षिण सुदानमध्ये २३ जानेवारी २०१४ ला आदिस अबाबात युद्धबंदीवर सह्या झाल्या. इगॅड या पूर्व आफ्रिकी देशांच्या संघटनेची तपासणी पथकं उल्लंघनांचे अहवाल देत राहिली आणि लढाई चालूच राहिली. अहवालाची किंमत जवळपास कोणालाच मोजावी लागत नव्हती.

आता मुख्य तक्रार. संचातले तिन्ही शेजारी देश सोसायटीच्या पार्किंगच्या भांडणात बोलावलेल्या पंचासारखे आहेत: भले, थोडे कंटाळलेले, कोणाशी देणंघेणं नसलेले. त्यांच्या सूचनापत्रात ‘दोन्ही बाजूंचा विश्वास संपादन करा’ यापलीकडे फारसं काही नाही. परिणामी त्या सहा जणांना दोन दिवस चहा पीत बसण्याखेरीज काम उरत नाही.

खरा शेजारी असा नसतो. दक्षिण सुदानचंच घ्या. डिसेंबर २०१३ मध्ये राष्ट्राध्यक्ष साल्वा कीर आणि माजी उपराष्ट्राध्यक्ष रिक माशार यांच्यात युद्ध पेटलं. इगॅड मध्यस्थी करत होती, आणि त्याच इगॅडचा सदस्य असलेल्या युगांडाचं सैन्य कीर यांच्या बाजूने मैदानात होतं. सुदानचाही जीव अडकलेला, कारण दक्षिणेचं तेल सुदानमधल्या वाहिनीतून पोर्ट सुदानला जातं आणि त्याचं भाडं खार्तुमला मिळतं. ऑगस्ट २०१५ चा करार जुलै २०१६ मध्ये राजधानी जुबातल्या लढाईत फुटला. पुढे २०१८ मध्ये सुदानचे तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बशीर आणि युगांडाचे राष्ट्राध्यक्ष मुसेवेनी हे दोघेच पुढे सरसावले, बोलणी खार्तुमला नेली, आणि १२ सप्टेंबरला आदिस अबाबात नव्या करारावर सह्या झाल्या. दोघंही तटस्थ नव्हते. पण मुसेवेनींचं वजन कीरवर होतं, बशीर यांचं माशारवर. अर्थात हे वजन सह्या करून घेण्यापुरतंच. मार्च २०२५ मध्ये माशार नजरकैदेत गेले आणि तो करार पुन्हा गटांगळ्या खाऊ लागला.

शेजारी टेबलावर नसला तरी अडचण असतेच. २ नोव्हेंबर २०२२ ला प्रिटोरियात इथिओपियाचं सरकार आणि तिथल्या टिग्रे प्रांताचे बंडखोर यांचा आफ्रिकी संघाच्या मध्यस्थीने करार झाला. टिग्रेत लढणाऱ्या शेजारच्या इरिट्रियाची त्यावर सही नव्हती. मग १२ नोव्हेंबरला नैरोबीत दोन्हीकडच्या सेनापतींना वेगळा कागद करावा लागला: बंडखोरांनी जड शस्त्रं द्यायची ती परकी फौज बाहेर जाण्याच्या बरोबरीने. आणि आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच. २९ जुलै १९८७ चा करार भारत आणि श्रीलंका या दोन सरकारांमध्ये झाला, तमिळ बंडखोरांच्या एलटीटीईची त्यावर सही नव्हती. ऑक्टोबरपर्यंत आपलीच शांतिसेना तिच्याशी लढत होती.

यावर उपाय दहा मिनिटांचा आहे. कार्यशाळेला गट घेऊन जाणाऱ्या शिक्षकांनी तिन्ही शेजाऱ्यांच्या फाइलमध्ये एकेक चिठ्ठी सरकवावी. पहिल्याला: बंडखोरांचे तळ तुमच्या हद्दीत आहेत, पण तुम्ही ते जाहीरपणे नाकारता. दुसऱ्याला: तुमच्या छावण्यांत त्या देशाचे निर्वासित आहेत आणि निवडणुकीआधी ते परत जायला हवेत. तिसऱ्याला: तुमची एक तुकडी आधीच सीमेपलीकडे आहे. चिठ्ठी कुणाला दाखवायची नाही. असं केल्यावर खेळाचा तोल बदलतो, आणि सचिवालयाच्या तिघांना पहिल्यांदा घाम फुटतो.

दुसऱ्या दिवशी सत्तावाटपावर साडेतीन तास आणि शस्त्रांवर पाऊण तास, हे प्रमाण उलटं हवं. मंत्रिपदं वाटणं सोपं. बंदुका कुठे ठेवायच्या, किल्ली कोणाकडे, मोजणार कोण, यावर करार उभा राहतो किंवा झोपतो. संचात याला दोन पानं आहेत आणि त्यातलं एक व्याख्यांनी भरलंय. नेपाळची व्यवस्था तरी तपशिलाने द्यायला हवी होती. २२ नोव्हेंबर २००५ ला दिल्लीत राजाविरुद्ध एकत्र आलेले नेपाळचे सात पक्ष आणि माओवादी यांची बारा कलमी समजूत झाली, २१ नोव्हेंबर २००६ ला शांतता करार. माओवादी लढवय्ये सात मुख्य आणि एकवीस उपछावण्यांत आले. त्यांची शस्त्रं छावणीतच कंटेनरमध्ये बंद झाली आणि कुलपाची किल्ली माओवाद्यांकडेच राहिली. पण कंटेनरवर संयुक्त राष्ट्रांच्या पथकाचा भोंगा आणि चोवीस तास कॅमेरा. म्हणजे शरण आलो असं कोणाला म्हणावं लागलं नाही, आणि गुपचूप उघडायचीही सोय नाही. नेपाळी सैन्यानेही तेवढीच शस्त्रं तशीच कुलपात ठेवली. पडताळणीत १९,६०२ लढवय्ये ग्राह्य धरले गेले, शेवटी सैन्यात गेले ते सुमारे १,४००. बाकीच्यांतले बहुतेक रोख रक्कम घेऊन घरी. या आकड्यांवर एक तासाचा सराव सहज होईल.

इंडोनेशियातल्या आचे प्रांताचा आराखडाही घेता आला असता. १५ ऑगस्ट २००५ च्या हेलसिंकी समझोत्यात बंडखोरांनी ८४० शस्त्रं चार टप्प्यांत द्यायची आणि त्याच चार टप्प्यांत बाहेरून आणलेलं सैन्य-पोलीस मागे घ्यायचे असं ठरलं. देखरेख युरोपीय संघ आणि आसियानच्या पाच देशांची. तुम्ही एक पाऊल, आम्ही एक पाऊल, आणि मोजणारा तिसरा.

आणखी एक भोक: करार घरी मान्य कोण करणार? फिलिपिन्समध्ये मिंदानाव बेटावरच्या बंडखोरांशी मलेशियाच्या मध्यस्थीने ठरलेल्या मसुद्यावर ५ ऑगस्ट २००८ ला क्वालालंपूरला सह्या व्हायच्या होत्या. आदल्या दिवशी मनिलाच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि लढाई पुन्हा पेटली. अंतिम करार व्हायला मार्च २०१४ उजाडलं. संचात न्यायालय नाही, संसद नाही, विरोधी पक्ष नाही. निरीक्षक म्हणून बसवलेल्या दोघांना निदान घटनापीठ तरी करा.

चर्चेत गडचिरोलीचा विषय निघतोच. तिथलं आत्मसमर्पण हा वेगळा मामला आहे, त्यात ना तिसरा देश ना टेबल. संयोजक तो पटकन बाजूला ठेवतात, ते योग्य.

जेवण ठीक, रविवारची पुरी-भाजी शनिवारच्या पुलावापेक्षा बरी. एसी मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने येणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉक आदल्या रात्री बघून ठेवावा. उशिरा आलात तर सकाळच्या शस्त्रांच्या सत्राचा पाऊण तासही मिळत नाही.

नुसता संच ९०० रुपयांना मिळतो. कॉलेजात स्वतः घेणार असाल तर तो पुरे: सूचनापत्रं आणि युद्धबंदीचा नमुना वापरा, शेजाऱ्यांची पानं काढून वरच्या चिठ्ठ्या घाला, शस्त्रांची दोन पानं फेकून नेपाळचा तक्ता स्वतः करा. तीन झेरॉक्स आणि एक रविवार. एकेकट्याने शिकायला जायचं असेल तर मात्र कार्यशाळेलाच जा, आणि नाव नोंदवताना बंडखोरांच्या कमांडरची भूमिका मागून घ्या.