माउसचं बटण उलटं झालं आणि ४४,९९८ रुपये गेले

आधी आकडा सांगतो. १,४९९, मग ४,९९९, मग ३८,५००. एकूण ४४,९९८ रुपये. बेळगावात माझे चार माग आहेत, साड्या विणून व्यापाऱ्यांना देतो. शेवटची रक्कम सूतवाल्याची होती, त्याच आठवड्यात द्यायची होती.

तारीख १९, संध्याकाळचे सात. दुसऱ्या दिवशी जीएसटीचं ३बी, म्हणजे महिन्याचं रिटर्न, भरायची शेवटची तारीख, चुकली तर दिवसाला ५० रुपये लेट फी. लॅपटॉप उघडला तर माउसचं डावं बटण दाबलं की उजव्या बटणाची यादी उघडायची, आणि उजवं दाबलं की फाइल. खडे बाजारात पळत जाऊन ३५० रुपयांचा नवा माउस आणला. तेच. लॅपटॉपच्या टचपॅडचं बटण दाबून बघितलं. तेच.

इथंच थांबायला हवं होतं मी. एका मागावर धागा तुटायला लागला तर आम्ही तो माग बघतो. चारही माग एकदम थांबले तर मागाला कोण हात लावतं? सरळ मेन स्विच बघायचा. जुना माउस, नवा माउस आणि टचपॅड, तिघं एकसारखे उलटे चालत होते, म्हणजे बिघाड माउसमध्ये नव्हताच, सेटिंगमध्ये होता. बावीस वर्षं मागावर हाच हिशोब लावणारा मी, त्या रात्री तो सुचला नाही. डोक्यात फक्त २० तारीख होती.

लॅपटॉपच्या कंपनीचं नाव टाकून कस्टमर केअरचा नंबर शोधला. सगळ्यात वर आलेला लावला. तो नंबर म्हणजे पैसे भरून वर आणलेली जाहिरात होती, बारीक अक्षरात तसं लिहिलेलंही असतं. कंपनीचा नंबर बिलावर किंवा कंपनीच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, दुसरीकडून नको.

पुढचं तुम्हाला माहीत असतंच. गोड हिंदी, एक अ‍ॅप, नऊ आकडी कोड, की लॅपटॉप त्याच्या हातात. त्यानं इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची स्वतःची नोंदवही, उघडून लाल खुणांची रांग दाखवली, म्हणाला, तुमचा माउस बाहेरून कोणीतरी चालवतोय. त्या लाल खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात. मी १,४९९ पाठवले.

आणि आता जे सांगतो ते आठवलं की अजून अंगाची आग होते. पैसे मिळाल्यावर त्यानं सेटिंग्ज उघडलं, त्यात माउसचं पान. 'प्रायमरी माउस बटण' असं लिहिलेलं, पुढं चौकोनात 'राइट'. त्यानं ते 'लेफ्ट' केलं. बटण लगेच सरळ. चार सेकंद लागले असतील. माझ्या डोळ्यांसमोर झालं हे, मी ते शब्द वाचले. आणि तरी तो "ये टेंपररी है सर, व्हायरस अंदर है" म्हणाला तर मी ऐकलं! काम होत होतं, फोन तिथंच ठेवायचा होता. ठेवला नाही.

मग ४,९९९ डिपॉझिट, 'परत मिळणारं'. ते परत करण्यासाठी म्हणून मोबाइलवरही तेच अ‍ॅप घ्यायला लावलं आणि लॅपटॉपवर नेटबँकिंग उघडायला सांगितलं. स्क्रीन काळी झाली. उजाडली तेव्हा ३८,५०० गेले होते. मी ओटीपी कुणाला सांगितला नाही, हे लिहून ठेवतो. मोबाइलवर आला तो त्यानं तिकडून वाचला. पैसे परत घ्यायला कुणालाही स्क्रीन दाखवावी लागत नाही, पिन टाकावा लागत नाही.

लाजेनं रात्रभर बायकोलाही बोललो नाही. १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन केला तो दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला, १९ तासांनी. तोवर पैसे खात्याखात्यांतून पुढं गेलेले. ६,२०० तेवढे एका खात्यात अडकलेत. लाज बाळगू नका, त्याच मिनिटाला १९३० लावा.

बँकेत गेलो तर साहेब मान वर न करता म्हणाले, "ओटीपी तुमच्याच मोबाइलवर आलाय." खातं बायकोच्या माहेरच्या शाखेतलं, म्हणजे महाराष्ट्रात. बेळगावातल्या ठाण्यात सांगितलं, खातं तिकडचं, तिकडं जा. हद्दीपलीकडच्या ठाण्यात गेलो, तर लॅपटॉप बेळगावात होता ना, मग गुन्हा कर्नाटकात. परत इकडं. तक्रार कन्नडमध्ये लिहून आणा. मी कन्नड घडाघडा बोलतो, पण शिकलो मराठी शाळेत, अर्ज लिहिणं जमत नाही. बाहेरच्या टायपिंगवाल्याला २०० रुपये दिले. अर्ज घेऊन गेलो तर "साहेब नाहीत, नाळे बन्नी", म्हणजे उद्या या. ते 'नाळे' पाच वेळा ऐकलं, पाच दिवस माग बायकोनं सांभाळले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, गुन्हा कुठल्याही हद्दीत घडला तरी खबर देता येते असं स्पष्ट आहे. हे एका वकिलानं सांगितलं, ठाण्यातल्या एकानंही नाही. आम्ही कर इकडं भरतो, नाती तिकडं जोडतो, आणि लुटले गेलो की दोन्हीकडचे हात वर.

बटण कशानं उलटलं तेही कळलं. बहिणीचा मुलगा निपाणीहून सुट्टीला आला होता, डावखुरा आहे. गेम खेळताना त्यानं बटण फिरवून घेतलं होतं. फोनवर म्हणाला, "मामा, परत करायचं राहिलं." त्याला रागावलो नाही.

तुमचं झालं तर विंडोजची खूण असलेलं बटण आणि आय एकदम दाबा, ब्लूटूथ अँड डिव्हायसेसमध्ये माउस, पहिलीच ओळ. एकदा दाबलं की दोनदा उघडत असेल तर तो माउस दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून बघा, तिथंही तेच झालं तर आतला स्विच झिजलाय, माउस बदला. फोन कुणालाही करू नका.

तक्रारीचा नंबर कागदावर लिहून पहिल्या मागाच्या खांबाला चिकटवलाय. सोमवारी परत ठाण्यात जायचंय, या वेळी कलम १७३ ची छापील प्रत घेऊन.