रॉडला पैकीच्या पैकी, रीळ मात्र खाडीत नेऊ नका

भावांनो, मासे गरवायचा रॉड आणि रीळ असा २४०० रुपयांचा सेट ऑनलाइन घेतलेला त्याला आता सहा महिने झाले. कंपनीचं नाव घालत नाही कारण तोच माल चार नावांनी विकायला आहे, पण ९ फुटी टेलिस्कोपिक रॉड, ४००० साइजचं रीळ, बॉक्सवर खाऱ्या-गोड्या दोन्ही पाण्यात चालतं असं छापलेलं आणि शेजारी मिशावाल्या माशाचा फोटो, असं दिसलं की तोच समजा.

तो फोटोतला मासा म्हणजे चॅनेल कॅटफिश, अमेरिकेतला. शेपूट दुभंगलेली, आठ मिशा, अंगावर काळे ठिपके, मोठा झाला की ते ठिपके पण जातात. रेकॉर्डचा मासा ५८ पौंडाचा, म्हणजे २६ किलोच्या वर, १९६४ ला साउथ कॅरोलायनात घावलेला. तिकडची लोकं पोटोमॅक, जेम्स असल्या भरती-ओहोटीच्या नद्यांत त्याच्यासाठी गळ टाकून बसतात आणि मी ते व्हिडिओ रात्री दीड दीडपर्यंत बघतो, मूळ दुखणं हेच.

पहिले तीन महिने सेट पंचगंगेवर वापरला, प्रयाग चिखलीच्या बाजूला. बंधाऱ्याला बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातल्या की आपल्या नदीचं पाणी तळ्यासारखं निवांत असतंय, गांडूळ लावा, १५ ग्रॅमचं शिसं सोडा आणि चहा पीत बसा. शिंगटे म्हणजे आपले नदीतले मिशावाले मासे घावले, एकदा वाम घावली. तिथं रॉड काय रीळ काय, दोन्ही मक्खन. तेव्हाच रिव्ह्यू टाकला असता तर पाच स्टार देऊन मोकळा झालो असतो.

मग डोक्यात आलं की भरतीच्या नदीत टाकून बघायचं. बायकोचं माहेर खारेपाटणच्या अलीकडं, गगनबावड्यावरनं भुईबावडा घाट उतरलं की पोचलोच. वाघोटण नदी तिथं घाटावरनं आलेली आणि खालनं विजयदुर्गकडनं खाडीची भरती तिच्यात चढते. सासऱ्यांचं आयुष्य तिथं गरवण्यात गेलं. त्यांनी तिथी विचारली, द्वितीया, म्हणाले तिथीच्या आकड्याची पाऊणपट कर, दोनाची दीड, म्हणजे दीड वाजता तोंडाला भरती पूर्ण, आपल्यापर्यंत पाणी यायला अजून उशीर. अमावस्या-पौर्णिमेनंतरचे हे दोन-तीन दिवस उधाणाचे, ओढ जास्त. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी आळशी.

दहाला बसलो. मी ३० ग्रॅमचं शिसं टाकलं, मामांनी, म्हणजे सासऱ्यांनी, बघितलं आणि म्हणाले, "जावयानू, ह्या शिसा हलक्या, व्हावान जातला." आणि गेलंच की! टाकलेल्या जागेपासनं वीस फूट वर, काठाच्या मुळ्यांत. दोन गळ तिथंच ठेवले. मग त्यांच्या डब्यातलं ८० ग्रॅमचं, मधे भोक असलेलं शिसं लावलं, लाइनवर मोकळं सरकणारं, खाली स्विव्हल म्हणजे फिरती कडी, मग दीड फूट तंगूस म्हणजे नायलॉनची दोरी आणि गळ. मासा आमिष घेऊन सरकला तरी त्याला वजन लागत नाही. इथं रॉडला मानलं, ८० ग्रॅम फेकताना वाकला पण कुरकुरला नाही आणि टोकाला कोळंबीवरची बारीक टुकटुक पण हाताला कळत होती. अमेरिकावाल्यांचं ऐकून कोंबडीची कलेजी पण नेलेली, तिला शिवणाच्या दोऱ्यानं बांधली नाही तर दोन फेकीत गळ मोकळा. कोळंबीच बरी.

पाणी चढत होतं तोवर चार शिंगाळे, म्हणजे खाडीतले मिशावाले मासे, आले, सगळ्यात मोठा सव्वा किलोचा. भरती थांबली तसं सगळं गप्प, पाऊण तास टोक हललं नाही, आणि ओहोटी लागली की परत सुरू. वासावर चालणारा मासा, पाणी वाहिल्याशिवाय त्याच्यापर्यंत वास जाणार कसा.

आता माझा शहाणपणा. चौथा शिंगाळा बाहेर काढला, गुरगुर आवाज करतोय, मी हातानंच गळ सोडवायला गेलो. त्याच्या पाठीचा एक आणि कल्ल्यांमागचे दोन काटे उभे राहिले की खटका बसल्यासारखे अडकतात, दाबून खाली जात नाहीत. एक अंगठ्याच्या मुळात घुसला. काट्याला करवतीसारखे दात आणि वर विषारी बुळबुळीत थर, कळ पार खांद्यापर्यंत. मामांनी सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात तासभर धरायला लावला तेव्हा कुठं कमी झाली, मग दवाखान्यात धनुर्वाताचं इंजेक्शन. त्या २४०० मध्ये एक साधी लांब पक्कड दिली असती तर बरं झालं असतं, त्याऐवजी डब्यात रंगीत प्लास्टिकचे बेडूक दिलेत, त्यांना शिंगाळा काय, कुत्रंबी विचारत नाही.

रीळ. घरी आल्यावर गोड्या पाण्यानं धुतलं, पुसलं, सावलीत वाळवलं, काय ठेवलं नाही. आठवड्यानं फिरवलं तर करकर. लाइन जिच्यावरनं वळते ती छोटी फिरकी जाम, त्यामुळं लाइन घासून फुगलेली, आणि बेल, म्हणजे लाइन गुंडाळणारी तारेची कडी, पडायची बंद. बॉक्सवर १३+१ बेअरिंग लिहिलंय, उघडून मोजली तर तीन, बाकी प्लास्टिकच्या बुश. कंपनीला फोन लावला तर म्हणे, "सर, खारं पाणी लागलं की वॉरंटी जाते." बॉक्सचा फोटो पाठवला, त्यावर खारं-गोडं लिहिलंय ते लाल गोल करून. तीन आठवडे झाले, निळी टिक आली आहे, उत्तर नाही.

तर नदीवर, तलावावर जाणाऱ्यानं हा सेट डोळे झाकून घ्यावा. खाडीला जायचं असेल तर नुसता रॉड मिळतोय का बघा, साधारण १४०० पर्यंत पडतो, आणि रिळाला वेगळे पैसे टाका. मी दुसरं घेतलंय, वर्षभर वापरून झालं की त्याचं लिहितो. जुनं रीळ पोरानं पतंगाच्या दोऱ्याला नेलंय, तिथं बरं चालतंय म्हणतो.